डॉन तेओफिलोची मूठ

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून पुसलं. आई म्हणाली, "लिही ना, लिही. फक्त ईस्टरच्या सुट्टीत कुणाच्या घरी राहायचं ते आधी बघून ठेव." आई हळू आवाजात बोलते तेव्हा ती थट्टा करत नसते. यात माझे आजोबा येतात, आणि आमच्या पुएर्तो सेराल गावात निकोमेदेस रोहासबद्दल कुणी वाकडं बोलत नाही. रुफिनोच्या कॉफीच्या दुकानात त्यांचा फोटो आहे. बंदराजवळच्या भिंतीवर त्यांचं चित्र रंगवलंय, त्यात ते आहेत त्यापेक्षा बरेच देखणे दिसतात. पण गोष्ट त्यांची नाहीच. गोष्ट डॉन तेओफिलो पेगेरोंची आहे (डॉन म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्याला मानाने म्हणतात ते), ती कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतेय. भराभर लिहितेय, कारण थांबले तर परत पुसेन.

डॉन तेओफिलो न्हावी. वय एकोणऐंशी. घर आमच्यापासून चार गल्ल्या खाली, नदीच्या बाजूला. पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा, ओट्यावर दोन झुलत्या खुर्च्या. त्यातली एक बायकोची, ती गेल्यापासून तिच्यावर कुणी बसायचं नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसायचे. कुठे जायचं नसायचं, तरी.

लहानपणी मला त्यांचं नावच माहीत नव्हतं. आम्ही पोरं त्यांना 'किएतो' म्हणायचो. सगळं गावच म्हणायचं. किएतो म्हणजे शांत, हलू नकोस. आया तान्ह्या बाळाला थोपटताना म्हणतात तो शब्द. आणि बेसबॉलमध्ये धावणारा वाचला, की अंपायर दोन्ही हात आडवे पसरून हाच शब्द ओरडतो. बाद असेल तर उजव्या हाताची मूठ वर. आमच्या गावातली निम्मी भांडणं या दोन खुणांवरून होतात.

डॉन तेओफिलो रस्त्याने निघाले की कुणीतरी म्हणायचंच. पावाच्या रांगेत उभे असले तर मागून हळूच, "किएतो." बसमध्ये चढताना ड्रायव्हर, "किएतो, म्हाताऱ्या, पडशील." रुफिनोच्या दुकानात पोपट आहे, त्याला हा एकच शब्द येतो. आधीचा पोपट मेला तेव्हा नव्यालाही पहिला हाच शिकवला. आणि त्यांची बायको मेलिदा गेली ना, तेव्हा पेटी खड्ड्यात उतरवताना दोर जरासा घसरला, पेटी एका बाजूला कलली, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "किएतो." लोक हसले. कबरस्तानात उभे राहून हसले. हे मला आईने सांगितलं, ती तिथे होती. डॉन तेओफिलो हातात टोपी घेऊन उभे होते, ती तशीच धरून राहिले म्हणाली.

हे सगळं एका मुठीपायी.

एकोणीसशे चौसष्टचा जानेवारी. व्यावसायिक संघांच्या हिवाळी हंगामाची अंतिम फेरी, तिचा सातवा, शेवटचा सामना, आणि तो आमच्या गावात. समोर राजधानीचा संघ, पैशाने, खेळाडूंनी, सगळ्यांनी मोठा. आमच्या गावाने त्याआधी कधी काही जिंकलं नव्हतं. त्यानंतरही नाही. साखर कारखान्याने त्या दिवशी चक्क गाळप बंद ठेवलं.

होमच्या, म्हणजे धाव जिथे पुरी होते त्या पाटीच्या, मागे उभा राहणारा अंपायर खरं तर परगावचा होता. आदल्या दिवशी आमच्या लोकांनी त्याला प्रेमाने खेकडे खाऊ घातले. इतक्या प्रेमाने की सकाळी त्याला खाटेवरून उठवेना. मग त्याच्या जागी कोण? तेओफिलो. सत्तावीस वर्षांचा, अंपायरांच्या यादीत नाव असलेला, आणि मुख्य म्हणजे आपला. आपलाच माणूस उभा राहणार म्हणून बायकांनी आदल्या दिवशीच विजयाचं जेवण रांधायला घेतलं होतं. म्हणजे त्यांना तिथे उभं केलं ते आमच्याच गावाने. हे मात्र कुणी आठवत नाही.

नववा डाव, शेवटची पाळी आमची, दोन बाद. राजधानीच्या दोन धावा, आमची एक. दुसऱ्या बेसवर, म्हणजे होमच्या दोन थांबे आधी, माझे आजोबा, तेवीस वर्षांचे, गावात सगळ्यात वेगवान. ते घरी, म्हणजे होमला, आले तर बरोबरी आणि सामना जिवंत. नाही आले तर संपलं. होमपाशी चेंडू झेलणाऱ्या कॅचरचा चेंडूवाला हातमोजा अंगाला लागायच्या आत पाय पाटीला लागायला हवा. फलंदाजाने चेंडू डावीकडे मारला, सरपटी, जोरात. आजोबा सुटले. तिसऱ्या बेसपाशी उभा असलेला आमचाच माणूस दोन्ही हात वर करून सांगत होता, थांब, थांब. आजोबा थांबले नाहीत. तिकडून चेंडू आला, सरळ, एकही टप्पा न घेता. कॅचर वाकला, आजोबांनी पाय पुढे करून झोकून दिलं, आणि होमच्या पांढऱ्या पाटीवर नुसती लाल धूळ. कोण कुठे आहे काही दिसेना.

धूळ बसायच्या आत तेओफिलोंची मूठ वर गेली.

पुढचं काय सांगायचं. बाटल्या आल्या, लाकडी बाकं आली. पोलिसांनी त्यांना साखरेच्या पोत्यांच्या ट्रकमधून बाहेर काढलं. घरापुढचं आंब्याचं झाड कुणीतरी तोडलं. चौकात त्यांचं केस कापायचं दुकान होतं, तिथे दुसऱ्या दिवसापासून माणूस फिरकेना. "मानेवर वस्तरा आणि हात तेओफिलोचा? नको रे बाबा, तो मलाच बाद देईल," हा विनोद माझ्या जन्माआधीपासून चालत आलाय आणि अजून हसतात. अंपायर म्हणून त्यांना परत कुणी बोलावलं नाही. मग ते वस्तरा-कात्रीचा डबा उचलून ऊसतोड्यांच्या वस्तीवर जायला लागले. तिथे सगळे हैतीहून आलेले, त्यांना फुटबॉल कळायचा, बेसबॉल म्हणजे काय ते माहीतच नाही. दर रविवारी झाडाखाली स्टूल टाकून चाळीस वर्षं त्यांनी त्या लोकांच्या दाढ्या केल्या. ती माणसं त्यांना 'मुस्ये तेओ' म्हणायची, म्हणजे तेओसाहेब. घराबाहेर तेवढीच माणसं त्यांना खऱ्या नावाने हाक मारायची.

आणि आजोबा? आजोबा 'चोरलेली धाव' झाले. दर जानेवारीत गावात तोच सोहळा असतो. पोरं मैदानात पीठ टाकून त्यात घसरतात, ढोल वाजतात, सगळं गाव एकदम ओरडतं, किएतो. आजोबा हार घालून खुर्चीत बसतात. रुफिनोच्या बापाने त्यांच्याकडून कॉफीचा कधी एक पेसोसुद्धा घेतला नाही, रुफिनोही घेत नाही. लहानपणी मीही त्या पिठात घसरलेय. मला वाटायचं माझ्या घराण्यावर अन्याय झालाय, आणि खरं सांगू, मला ते फार आवडायचं.

गेल्या वर्षी कॉलेजात बाईंनी काम दिलं, एका म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य लिहून आणा, नातेवाईक चालणार नाही. मी आजोबांचंच नाव सांगणार होते. बाई नाही म्हणाल्या तर मला राग आला आणि त्या रागातच मी डॉन तेओफिलोंचं नाव लिहून दिलं. असंच. मी अशीच आहे.

शनिवारच्या बसने गावी गेले, ओट्यापाशी उभी राहिले.

"कुणाची तू?"

"निकोमेदेसची नात. युदेल्का."

त्यांनी माझा चेहरा निरखून बघितला. मग म्हणाले, "नाक बघून वाटलंच. कॉफी घेतेस का, की तुमच्याकडे ती फुकट मिळते म्हणून इथली चालत नाही?"

मी हसले. तेही हसले. असे पाच शनिवार गेले. त्यांनी मला वस्तरे दाखवले, मेलिदाशी लग्न कसं झालं ते सांगितलं, वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याच्या दाढीत मधमाशी सापडली होती ती गंमत सांगितली. सामन्याबद्दल मी विचारायचे नाही, ते बोलायचे नाहीत. चौथ्या शनिवारी मला शेंगा सोलायला दिल्या आणि एकदम म्हणाले,

"मला दिसलं नव्हतं."

"काय?"

"पाय. धूळच धूळ होती. धूळ असली की अंपायर कानाने बघतो, पोरी. पाटी रबराची, बुटाला खाली लोखंडी खिळे. पाय लागला की करकन वाजतं. आणि चेंडूचा हातमोजा अंगावर बसला की धप्प. मला धप्प ऐकू आलं. करकन नाही आलं."

"म्हणजे बादच की."

"नऊ हजार माणसं ओरडत होती." शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "वाजलंच नाही म्हणून आलं नाही, की वाजलं आणि गर्दीत बुडालं? बावन्न वर्षं मी तेच ऐकतोय."

"मग मूठ का वर केलीत?"

"घरी जाऊन विचार करून येतो, असं म्हणायची सोय नसते तिथे."

ते म्हणाले, "जगात एकालाच माहीत आहे. तुझ्या आजोबाला. तो मला बघून रस्ता बदलतो. विचारशील एकदा? गावाला कळायला नको. मला कळलं म्हणजे झालं. चुकलो असेन तर चुकलो म्हणेन. बरोबर असेन तर गप्पच बसेन, आत्तासारखाच. पण माहीत असून गप्प बसणं वेगळं गं."

एवढंच हवं होतं त्यांना. एक शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेलेली, घरी सगळे झोपलेले, मी आजोबांच्या पायाची नखं कापत होते. उजवा पाय माझ्या मांडीवर.

"आजोबा, हाच ना तो पाय?"

"हाच."

"लागला होता?"

आजोबा पंख्याकडे बघत होते, बंद पंख्याकडे. म्हणाले, "पाटीच्या वरून गेला. चार बोटं. खाली रबर आलंच नाही, माती आली." असं म्हणाले जसं काही मी भाव विचारला होता.

"म्हणजे तुम्ही बाद होतात."

"होतो."

"आणि बावन्न वर्षं तुम्ही..."

"मी काय? मी उठून कपडे झटकतोय तोवर सगळं गाव ओरडायला लागलं होतं. मला कुणी विचारलंच नाही, पोरी. एकानेही. सगळ्यांनी मलाच सांगितलं, निको, तू वाचला होतास. म्हातारी माणसं गळ्यात पडून रडली. तू काय म्हणाली असतीस?"

मी बरंच काही म्हणाले. रडले, नखं तशीच टाकली, पोपटाचं म्हणाले, पेटीचं म्हणाले. आजोबांना पेटीचं माहीत नव्हतं. किंवा नव्हतं म्हणाले. शेवटी म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी चर्चमधून आलो की जाऊ. मी सांगतो त्याला."

आता माझी चूक. मला इतका आनंद झाला की मी आईला सांगितलं. सगळं नाही, फक्त आजोबा डॉन तेओफिलोंकडे जाणार आहेत, एवढंच. आईने मावशीला सांगितलं. मावशी केसांना कलप लावायला जाते तिथे बोलली. रविवारपर्यंत गावभर झालं की किएतो अखेर निकोची माफी मागणार आहे, निकोला घरी बोलावलंय.

चर्चमधून निघालो तेव्हा आम्ही दोघं होतो. दुसऱ्या गल्लीत दहा जण झाले. "डॉन निको, आज काय मग?" "त्याला रडवा थोडं, एकदम माफ करू नका." तिसऱ्या गल्लीत भिंतीवर चित्र काढणारा मोरेल आला, बायको-पोरांसकट. रुफिनो दुकान बंद करून आला, आणि त्याच्या खांद्यावर, खरंच सांगते, पोपट. मी म्हणत होते, जा ना तुम्ही, कशाला येताय. कुणी ऐकेना. आजोबांनी माझा हात धरला होता, तो त्यांनी सोडला आणि लोकांकडे बघून हात हलवायला लागले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी परत फिरवलं नाही त्यांना.

डॉन तेओफिलो ओट्यावर उभे होते. गर्दी बघून त्यांचा चेहरा जरा उतरला, पण त्यांनी मेलिदाची खुर्ची फडक्याने पुसली आणि पुढे केली.

"बस, निको."

"उभा बरा आहे."

"गुडघे?"

"गेले."

"माझेपण."

मागे कुणीतरी हसलं. दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

"एक विचारायचंय," डॉन तेओफिलो म्हणाले.

"विचार."

"पाय लागला होता का?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मग वळून मागे बघितलं. मोरेल होता, रुफिनो होता, पिठात घसरणारी पोरं होती, पंचाहत्तर-ऐंशी माणसं तर सहज असतील, सगळे त्यांच्याकडे असे बघत होते की जणू ते आत्ता परत दुसऱ्या बेसवरून सुटलेत.

"लागला," आजोबा म्हणाले.

"नीट?"

"नीट लागला, तेओ."

डॉन तेओफिलोंनी मान हलवली. एकदाच. टोपी काढली. "मग माझी चूक झाली. माफ कर." मग लोकांकडे तोंड करून, जरा मोठ्याने, "माझी चूक झाली." आणि ओट्यावर सरळ उभे राहिले आणि हळूहळू दोन्ही हात आडवे पसरले. खाली करायचे तेच विसरले जणू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका रडल्या. आजोबा रडले, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतायत.

मी तिथे होते आणि मी काही बोलले नाही. तेवढं लिहायलाच हवं.

घरी जाताना आजोबा म्हणाले, "किती माणसं होती बघितलंस?"

"बघितली."

"तेवढ्यांसमोर कसं सांगायचं?" नंतर जेवलेही नाहीत. सोमवारी जेवले.

सोमवारी सकाळी माझी बस होती. त्याआधी मी पळत नदीकडे गेले आणि डॉन तेओफिलोंना सगळं सांगितलं. नखं, चार बोटं, माती, सगळं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "तू चांगली पोर आहेस."

"अहो, मी खरं सांगतेय. त्यांनी स्वतः सांगितलं मला."

"मेलिदाही मला असंच म्हणायची, तू बरोबर होतास, तेओ, तू बरोबर होतास. ती तर मैदानातही नव्हती." माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बस चुकेल तुझी."

आजोबांच्या पाया पडले, एकटे चला म्हणाले, कुणाला कळू देणार नाही म्हणाले. "आता कशाला," आजोबा म्हणाले, "त्याने मान्य केलं ना? मिटलं की." आई म्हणाली मिटलेलं उकरू नकोस. आणि खरंच मिटलंय, तेच तर वाईट आहे. आता त्यांना कुणी चिडवत नाही. गावाने त्यांना माफ केलंय. रुफिनो सकाळी कॉफी पाठवतो, तीही फुकट. दोघं-तिघं दाढी करून घ्यायला गेले तर हात हलतो म्हणून त्यांनी परत पाठवलं. यंदाच्या जानेवारीत त्यांना मैदानात बोलावलं आणि ते गेले. पोरं पिठात घसरली आणि हात पसरायला त्यांना उभं केलं. त्यांनी पसरले. आजोबा शेजारच्या खुर्चीत हार घालून बसले होते, दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मी गेले नव्हते. फोनवर चित्रफीत आली, ती मी अर्धीच बघितली. डॉन तेओफिलोंच्या शर्टाला इस्त्री नव्हती, वरची दोन बटणं उघडी होती.

बावन्न वर्षं त्यांच्याकडे निदान शंका होती. कदाचित मी बरोबर होतो, एवढं तरी होतं. तेही आम्ही जाऊन काढून घेतलं, मी आणि माझ्या आजोबांनी, आणि टाळ्या घेतल्या.

माझ्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. आजोबा सांगणार नाहीत, हे लिहिल्यावर तर नाहीच. पण त्या दिवशी राजधानीहून तीन बस भरून माणसं सामना बघायला आली होती, ती डाव्या बाजूला, होमच्या अगदी जवळ बसली होती. त्यातलं कुणी हे वाचत असेल, किंवा तुमचे वडील, काका, कुणीही त्या बाकांवर असेल आणि धुळीच्या खालून तो पाय पाटीच्या वरून जाताना त्यांनी बघितला असेल, तर पुएर्तो सेरालला जा. नदीकडच्या गल्लीत डॉन तेओफिलो पेगेरो विचारा, कुणीही घर दाखवेल. सकाळी दहाच्या आत जा, नंतर ते पडून राहतात. तसं कुणी असेल असं मला फारसं वाटत नाही, असले तरी आता ऐंशी-नव्वदीचे असतील. खोटं मात्र सांगू नका. त्यांना खोटं ओळखता येत नाही, मी बघितलंय. खरंच बघितलं असेल तर जा, एकटे जा, आणि या आठवड्यात जा. राजधानीहून बस रोज सुटते, सकाळी सहाला.